दगडखाणीच्या खड्ड्यातलं पाणी: तपासायचं कसं, निवळायचं कसं आणि कुठे थांबायचं

पारसिकच्या डोंगराला दिघ्यापासून रबाळे, महापे, पावणे ते थेट तुर्भ्यापर्यंत जिथे जिथे दगडखाणी पडल्या, तिथे आता खड्डे आहेत, आणि खड्ड्यांत पाणी आहे. उतारावरच्या वस्त्यांत नळाला पाणी थोडा वेळ येतं, कुठे टँकरवर भागवावं लागतं. एप्रिल-मे आला की सगळ्यांची नजर खड्ड्याकडे वळते. हिरवट-निळं, नितळ, बघूनच गार वाटावं असं पाणी. त्या नितळपणाचीच मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

मी टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर केमिस्ट म्हणून नोकरी केली. आता ऐरोलीत राहते आणि खाणीलगतच्या वस्त्यांमधल्या बायांना, शाळा-कॉलेजातल्या पोरांना पाणी तपासायला शिकवते. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, हे पाणी प्यायला चालंल का?" मी उलट विचारते, पाणी कशाकशाला लागतं ते आधी सांगा. संडासाला, लादी पुसायला, झाडांना लागणारं पाणी वेगळं, कपड्या-भांड्यांचं वेगळं, प्यायचं आणि स्वयंपाकाचं वेगळं. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं, एमआयडीसीच्या भागात बारवीचं येतं. ते थोडं का मिळेना, प्यायला आणि रांधायला तेच ठेवायचं. खड्ड्याचं पाणी वापरायला. एवढी वाटणी घरात झाली की निम्मं काम झालं, कारण दिवसाला लागणाऱ्या पाण्यात पिण्याचा वाटा फार लहान असतो.

खाली सांगितलंय ते वापराच्या पाण्यासाठी. तेच पाणी प्यायची वेळ आली, तर सगळ्या पायऱ्या आणि वर प्रयोगशाळेचा अहवाल, त्याशिवाय नाही.

आधी खड्ड्याचा इतिहास

किट उघडायच्या आधी वस्तीतल्या जुन्या माणसांशी बोला. इथे वडार समाजाची, सोलापूर-कलबुर्गीकडून आलेली अशी माणसं भेटतील ज्यांनी त्याच खाणीत सुरुंगाची भोकं पाडली, डबर फोडलं. त्यांना माहीत असतं: खाण कधी बंद पडली, पंप कधी थांबला, नंतर भरावाला काय आलं, रात्री टँकर कुठून यायचे. यातलं काहीही टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरवर दिसत नाही.

टँकरची चौकशी सोडू नका. २०१४ साली उल्हासनगरला वालधुनीत टँकरमधून बेकायदा रसायन सोडलं गेलं आणि वायूने शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. ती वाहती नदी होती. खड्ड्यात ओतलेलं कुठे वाहून जात नाही, तळाशी बसून राहतं आणि खडकाच्या भेगांतून आजूबाजूच्या बोअरमध्ये उतरतं. एखाद्या खड्ड्यात कारखान्याचा माल पडल्याचं दोन-तीन जणांनी वेगवेगळं सांगितलं, तर मी त्या पाण्याला घरगुती उपाय करूच देत नाही. कपड्यांनासुद्धा नाही.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर काठीने ढवळून बघा. तवंगाचे तुकडे होऊन ते कडक पापुद्र्यासारखे वेगळेच राहिले, तर तो बहुतेक लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंचा आहे. काठी फिरताच फाटला आणि मागे पुन्हा मिसळून एक झाला, तर तेल आहे: डिझेल, ऑइल, डंपर धुतल्याचं पाणी. काठी नाकाशी नेली की वासही लागतो. मात्र कडेला बसून हात घालू नका. खाणीचा काठ उभा कापलेला असतो, शेवाळाने निसरडा झालेला, आणि पहिल्या पावलालाच पाणी डोक्यावर जातं. लहान मुलांना तर नमुना घ्यायला कधीच पाठवायचं नाही.

नमुना

पंप बसवला असेल तर पाइपातलं पाणी पाच मिनिटं वाहू द्या, मग भरा. पंप नसेल तर दोरीला बाटली आणि दगड बांधून, वरच्या सपाट जागेवरूनच सोडा. एक नमुना वरचा, एक खोलचा. खोल खड्ड्यात खालच्या थराला हवा मिळत नाही. तिथे अमोनिया, विरघळलेलं लोह, मँगनीज आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू साठतो. वरचं पाणी चांगलं निघालं म्हणून पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाची झडप) तळाला टाकला, तर घरात येणारं पाणी निराळंच असतं. फूटव्हॉल्व्ह तरंगत्या पिंपाला बांधून पृष्ठभागाच्या मीटर-दीड मीटर खाली ठेवा.

वेळ सकाळची. शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, त्यामुळे दुपारी त्याच खड्ड्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) नऊच्या आसपास चढलेला दिसू शकतो. सकाळचा आणि दुपारचा आकडा एकाच वहीत शेजारी लिहिलात, तर शेवाळ किती माजलंय ते आपोआप कळतं.

जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली लागते, ती प्रयोगशाळेकडूनच घ्या. बर्फात ठेवून सहा तासांच्या आत पोचवा. तेलासाठी काचेची बाटली. धातूंसाठी लागणारं आम्लही प्रयोगशाळाच घालून देते. सार्वजनिक आरोग्य खात्याच्या आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, खासगी हवी असेल तर एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली बघा.

काय तपासायला सांगायचं? पीएच, गढूळपणा, टीडीएस, कठीणपणा, नायट्रेट, अमोनिया, ई-कोलाय (विष्ठेतले जंतू) एवढं नेहमीचं. खड्ड्याचा इतिहास संशयाचा असेल तर तेल, फिनॉल, क्रोमियम, शिसं, कॅडमियम, पारा हेही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० आहे, २०१२ सालचं. त्यात पीएच ६.५ ते ८.५, गढूळपणा १ एनटीयू (गढूळपणाचं एकक) आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत, टीडीएस लिटरला ५०० आणि तसंच नाइलाज असेल तर २००० मिलिग्रॅम, नायट्रेट ४५ मिलिग्रॅम, शिसं ०.०१, पारा ०.००१ आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात नको.

टीडीएस मीटरबद्दल स्पष्ट सांगते. बाजारात स्वस्तात मिळतो, आणि १८० आकडा आला की लोक खूश होतात. तो फक्त विरघळलेल्या क्षारांतून वीज किती वाहते ते मोजतो. त्याला जंतू दिसत नाहीत, डिझेल दिसत नाही, पारा दिसत नाही. खड्ड्यात मुख्यतः पावसाचं पाणी असतं, त्यामुळे टीडीएस कमी येणारच. त्यावरून पाणी चांगलं ठरवू नका.

इथल्या खाणीत काय असतं, काय नसतं

"खाणीचं पाणी म्हणजे ॲसिड" असं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण कोळशाच्या आणि धातूंच्या खाणींचं. तिथल्या खडकात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचं खनिज असतं. खाण उघडली की त्याला हवा-पाणी लागतं, गंधकाचं आम्ल तयार होतं आणि ते आम्ल खडकातले बाकीचे धातू विरघळवतं. अमेरिकेत मोंटानातल्या ब्यूट गावची तांब्याची बर्कली खाण १९८२ साली बंद झाली, पंप थांबले आणि खड्डा आम्लाच्या पाण्याने भरत गेला. १९९५ मध्ये त्यावर उतरलेले शेकडो हंस मेले. आपल्याकडे मेघालयात जैंतिया टेकड्यांतल्या कोळसा खाणींनी नद्यांची तीच गत केली. २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या उंदीरबिळांसारख्या खाणींवर बंदी घातली.

पारसिकचा दगड बेसॉल्ट आहे, सह्याद्रीचा काळा पाषाण. त्यात पायराइट नगण्य, आणि त्याची खनिजं थोडंफार आम्ल स्वतःच मारतात. म्हणून इथे पीएच सहसा सातच्या वर असतो. आपले शत्रू वेगळे आहेत. क्रशरची बारीक भुकटी, सुरुंगाच्या दारूतलं अमोनियम नायट्रेट, यंत्रांचं तेल, वरच्या वस्तीचं सांडपाणी, आणि टाकलेला कचरा. यातल्या भुकटीला तुरटी पुरते, जंतूंना क्लोरीन. नायट्रेटला दोन्ही पुरत नाहीत, आणि रसायनांना तर काहीच पुरत नाही.

तुरटीचं माप बाटल्यांत काढा

दगडाची भुकटी इतकी बारीक असते की आठवडाभर ठेवली तरी पाणी दुधाळ राहतं. कणांवर सारखाच विद्युतभार असतो, ते एकमेकांना ढकलतात. तुरटी तो भार मोडते, कण एकत्र येतात, जड होतात आणि बसतात. पण हंड्यात तुरटीचा खडा अंदाजाने फिरवणं टाकीला चालत नाही. कमी पडली तर गढूळपणा जात नाही, जास्त झाली तर ॲल्युमिनियम पाण्यात राहतं.

माप असं काढायचं. १० ग्रॅम तुरटी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी असते. एक लिटरच्या सहा पारदर्शक बाटल्यांत खड्ड्याचं पाणी भरा. सुई नसलेल्या सिरिंजने पहिलीत १ मिलिलिटर, दुसरीत २, असं करत सहावीत ६ घाला. झाकणं लावून एक मिनिट जोरात हलवा, मग पंधरा मिनिटं अगदी हळू उलटी-सुलटी करत राहा. हे हळू हलवणंच महत्त्वाचं आहे. यातच कण एकमेकांना चिकटून कापसासारखे पुंजके होतात, आणि घाई केली की ते पुन्हा फुटतात. अर्धा तास ठेवा. बाटल्यांच्या मागे छापील कागद धरा. सगळ्यात कमी तुरटीत ज्या बाटलीतून अक्षरं स्वच्छ वाचता येतात, ती तुमची. समजा तिसरी, म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅम, हजार लिटरच्या टाकीला ३० ग्रॅम.

त्या बाटलीचा पीएच बघा. ६.५ च्या खाली गेला असेल तर चिमूटभर विरलेल्या चुन्याचं पाणी घालून पुन्हा बघा. भर पावसात खड्ड्याच्या पाण्यात आम्ल झेलायची ताकद कमी होते, तेव्हा हे घडतं. म्हणूनच जुलैचं माप मे महिन्यात वापरू नका. पाणी बदललं की बाटल्या पुन्हा मांडा.

टाकीच्या तळाचा गाळ खड्ड्यात किंवा नाल्यात परत सोडायचा नाही. ताडपत्रीवर वाळवा. रसायनाचा संशय नसलेल्या खड्ड्याचा असेल तर तो भरावात चालतो.

वाळूचं पिंप, आणि पिंपाची गोष्ट

निवळलेलं पाणी वाळूतून हळू जाऊ द्या. २०० लिटरचं पिंप, तळाला पंधरा सेंटिमीटर धुतलेली खडी, खाली जाड आणि वर बारीक. त्यावर पन्नास सेंटिमीटर बारीक वाळू. वर दहा-पंधरा सेंटिमीटर पाणी कायम उभं. अशा पिंपातून तासाला साधारण २५ लिटर काढायचं, त्याहून जास्त नाही. दोन-तीन आठवड्यांत वाळूच्या वरच्या थरावर सूक्ष्मजीवांची पातळ साय धरते आणि खरं गाळायचं काम तीच करते. वाळू सुकली की ती मरते. म्हणून बाहेर पडणारा पाइप वाळूच्या पातळीपेक्षा वर वळवून घ्या, म्हणजे पाणी तुटलं तरी वाळू भिजलेली राहील.

वाळूबद्दल सावध राहा. ठाण्याच्या खाडीची रेती खारट असते. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) कोनदार आणि भुकटीने भरलेली असते. दोन्ही चालतात, पण धुतल्यावरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायची, आणि खाडीची असेल तर टीडीएस मीटर लावून. या कामाला तो मीटर खरोखर उपयोगी आहे.

आता पिंप. टीटीसीच्या भंगारवाल्यांकडे निळी पिंपं मिळतात आणि वस्तीत दारोदारी तीच दिसतात. एका घरात मी पिंपाचं झाकण उघडलं तेव्हा आत पाण्यापेक्षा वेगळा, गोडसर वास होता. पिंप साबणाने, राखेने, पुन्हा साबणाने धुतलेलं होतं. बाहेरचं लेबल खरवडून काढलेलं, पण बाजूला लाल चौकोनाचा एक कोपरा शिल्लक होता: ज्वालाग्राही मालाची खूण. प्लास्टिक रसायन शोषून घेतं आणि महिनोन्‌महिने पाण्यात सोडत राहतं. साबणाने ते निघत नाही. त्या घरातली माणसं टँकरचं चांगलं पाणी विकत घेऊन त्यात साठवत होती. खाणीच्या पाण्यावर मी कितीही बोलले तरी हे पिंप आधी बाहेर काढावं लागतं. लेबल खरवडलेलं पिंप घेऊ नका. लोणचं, तेल, सरबत अशा खाण्याच्या मालाचं, लेबल शाबूत असलेलं घ्या, नाहीतर पैसे साठवून नवी टाकी घ्या.

क्लोरीन

हजार लिटरला १० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. पावडरीत २५ टक्के क्लोरीन असेल तर लिटरला २.५ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. पावडर थेट टाकीत टाकू नका. बादलीभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ तेवढं ओता. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे उरलेला क्लोरीन रंगाने दाखवणारी चाचणी. पिवळा रंग आला पाहिजे. उरलेला क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, पावसाळ्यात आणि साथीच्या दिवसांत ०.५. तपासलेलं पाणी फेकून द्या, ओटीचं द्रावण हाताला लागू देऊ नका.

कोकणच्या दमट हवेत टीसीएल लवकर मरते. पिशवी उघडी राहिली की ताकद उतरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, डिझेलपासून आणि संडास साफ करायच्या ॲसिडपासून लांब ठेवा. ॲसिड आणि टीसीएल एकत्र आले तर विषारी वायू सुटतो.

माप बरोबर, पावडर ताजी, तरी अर्ध्या तासाने रंगच येत नाही, असं झालं तर पाणीच तुम्हाला काहीतरी सांगतंय. बहुधा अमोनिया आहे, सुरुंगाच्या दारूतला किंवा सांडपाण्यातला. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन आठ-दहा मिलिग्रॅम क्लोरीन खाऊन टाकतो. नुसती पावडर वाढवत बसू नका, वरून सांडपाणी कुठून झिरपतंय ते शोधा. आणि पीएच ८.५ च्या पुढे असेल तर क्लोरीनचा जेमतेम दहावा हिस्सा जोरकस रूपात असतो, तेव्हा अर्ध्याऐवजी दोन तास थांबा.

एच२एसची कुपी घरात ठेवा. पाणी भरून ठेवलं आणि २४ ते ४८ तासांत काळं पडलं, तर विष्ठेची घाण आहे. इथल्या उष्णतेत त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. फेकताना कुपीत टीसीएल घालून अर्धा तास ठेवा.

नायट्रेट ४५ च्या वर आलं तर ते पाणी बाळाच्या दुधाला अजिबात नको. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट वाढतं. आरओने कमी होतं, पण वस्तीत आरओची देखभाल कोण करणार हे आधी ठरवा. मी तर बाळासाठी नळाचंच पाणी वेगळं ठेवायला सांगते.

विदर्भातल्या वाचकांसाठी थोडं

चंद्रपूर-वणीकडे कोळसा खाणीलगत राहणाऱ्यांना इथलं तुरटी-क्लोरीन पुरणार नाही. तिथलं पाणी आम्ल निघालं तर त्याला आधी चुना लागतो. प्रयोगशाळेकडून आम्लता मागवा. लिटरला १०० मिलिग्रॅम आली तर हजार लिटरला ७४ ग्रॅम विरलेला चुना, वर दहा-वीस टक्के जास्त. पीएच साडेआठपर्यंत न्या आणि पाणी पायऱ्यांवरून उड्या मारत जाऊ द्या, म्हणजे हवा लागून लोह तपकिरी गाळ होऊन बसतं. मँगनीजसाठी पीएच नऊच्या वर न्यावा लागतो आणि नंतर खाली आणावा लागतो. हे घरी करायचं काम नाही, खाण चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. मागणी करताना नेमकं काय मागायचं ते कळावं म्हणून लिहिलं.

खड्डा राखणं

शुद्ध करण्यापेक्षा घाण आत जाऊ न देणं स्वस्त पडतं. पावसाळ्याआधी काठाच्या वरच्या बाजूला चर खणा, म्हणजे वस्तीचं आणि उतारावरचं पाणी खड्ड्याला वळसा घालून जाईल. गाडीरस्ता दगड लावून किंवा साखळीने बंद करा. टँकर काठापर्यंत पोचलाच नाही तर ओतणार कुठून? काठाला कुंपण, त्याने पोरंही वाचतात. डासांसाठी गप्पी मासे सोडा, महापालिकेचा हिवताप विभाग देतो. विसर्जनाला कृत्रिम तलाव वापरा.

तरीही टँकर आलाच तर जवळ जाऊ नका, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला राहा, लांबून नंबर आणि वेळ टिपा, फोटो काढा आणि ११२ लावा. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी करा. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २४ विहीर, प्रवाह किंवा जमिनीवर घातक द्रव्य सोडायला मनाई करतं, त्याचा उल्लेख करा. न्यायालयात कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुनाच चालतो, तुमचा खासगी अहवाल नाही. म्हणून अर्जात "आपल्या अधिकाऱ्यामार्फत कलम २१ खाली नमुना घ्यावा" हे वाक्य हवंच, आणि तुमचा अहवाल सोबत जोडा, म्हणजे त्यांना काय शोधायचं ते कळेल. मंडळ हललं नाही तर कलम ४९ खाली साठ दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः न्यायालयात जाऊ शकतो. हरित लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्याला आहे. तिथे घटनेपासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो.

पाण्याच्या सोयीसाठी पैसा मागायचा असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा खनिज प्रतिष्ठानची चौकशी करा. खाणकामाने बाधित भागांसाठीच ते आहे, आणि पिण्याचं पाणी त्याच्या प्राधान्यक्रमात येतं. अर्जासोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स लावा: तारीख, वेळ, पीएच, तुरटीचं माप, ओटीचा रंग, कुपी काळी की नाही. दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का, सही, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.